सत्तेचाळीसवर संपणारा नंबर

राजशेखर हिरेमठ रोज सकाळी सात वाजता टॅबलेटवर पेपर वाचत. कॉलेजच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं तर कागदच हवा असतो. पण शरणम्माने, त्यांच्या बायकोने, स्वतः निवृत्त झाल्यावर हा टॅबलेट आणला, आपल्याच खात्यावर सुरू करून दिला आणि यापुढे घरात रद्दी साठवायची नाही असं बजावलं. त्या खात्यात तिचे फोटो होते, ओळखीच्या माणसांचे नंबर होते, आणखी काय काय होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यातलं काहीच राजशेखरांनी उघडलं नव्हतं. फोटोंचं रंगीत चिन्ह पेपरच्या चिन्हाला अगदी लागून होतं. चुकून त्यावर बोट पडू नये म्हणून ते फार जपून, करंगळीने पेपर उघडत.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी अग्रलेखाच्या मध्येच वरून एक पट्टी खाली उतरली.

‘शरणम्मा, तुमच्या खात्यात एका नवीन फोनवरून साइन-इन झालं आहे. त्या तुम्हीच होता का?’

खाली दोन बटणं होती. हो, मीच. नाही, मी नव्हे.

राजशेखरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. शरणम्मा, त्या तुम्हीच होता का. क्षणभर, अगदी एकच क्षण, त्यांच्या मनात जे आलं त्याची त्यांना नंतर लाज वाटली. मग भीती वाटली. कोणीतरी तिच्या कपाटात हात घातला होता. त्यांनी ‘नाही’ दाबलं.

लगेच पासवर्ड विचारला गेला. तो त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी तिच्या माहेरच्या गावाचं नाव घालून बघितलं, मग लग्नाचं साल, मग स्वतःचं नाव. स्वतःचं नाव घालताना बोट जरा थांबलं. ते चुकलं तेव्हा उगीचच वाईट वाटलं. सहाव्या प्रयत्नानंतर टॅबलेटने खूप प्रयत्न झाले असं सांगितलं आणि खातं बंद करून पांढरा पडदा समोर धरला. पेपर गेला. त्याच्या शेजारचं रंगीत चिन्ह दाबलं तर तिथेही तोच पांढरा पडदा.

दोन वर्षं त्यांनी ते फोटो बघितले नव्हते. आता बघताच येत नव्हते. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला तरी ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

विजापूर वेशीत सरफराजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. पंचेचाळिशीचा माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला. शरणम्मा एका प्रसूतिगृहात नर्स होती आणि सरफराजची दोन्ही मुलं तिच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे हिरेमठ सर दुकानात आले की तो हातातलं काम बाजूला ठेवायचा.

“पट्टी खोटी तर नव्हती?” राजशेखरांनी विचारलं. “हल्ली सगळेच फसवतात.”

“खोटी असती ना सर, तर तुमच्याकडून पासवर्ड काढून घेतला असता आणि गोड बोलली असती. हिनं तर तुम्हालाच बाहेर काढलं.” सरफराज हसला. मग त्यांचा चेहरा बघून थांबला. “पुढच्या वेळी असा मेसेज आला की त्यातल्या लिंकवर जायचं नाही. आपण आपल्या दारानं आत जायचं. खातं उघडायचं, सुरक्षेचं पान बघायचं. कुठला फोन, कुठल्या दिवशी आत आला, सगळं तिथं लिहिलेलं असतंय. खरी गडबड असली तर तिथं पण दिसणार.”

त्याने टॅबलेटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. पडद्यावर ठिपक्यांची ओळ आली, तिच्या शेवटी सत्तेचाळीस. ‘या नंबरवर कोड पाठवू.’

“सिस्टरचाच नंबर. सिम कुठंय?”

“कपाटात.”

“चालू आहे?”

राजशेखर काउंटरच्या काचेखालचे चार्जर बघत राहिले. शरणम्मा गेल्यावर तो फोन थांबेचना. “सिस्टर हाईत का?” कोणाचं बाळ दूध ओढत नव्हतं, कोणाची सून नववा महिना संपत आलेली. राजशेखरांना आयुष्यभर त्या फोनचा त्रास झाला होता. तिच्या निवृत्तीनंतरही तो वाजायचा आणि ते पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. ती गेल्यावर त्यांनी अकरा जणांना सांगितलं. सांगितलं की पलीकडची बाई रडायची, आणि ते फोन कानाला लावून उभे राहायचे. चौदाव्या दिवशी त्यांनी फोन बंद केला आणि तिच्या लुगड्यांच्या घडीखाली ठेवला. पुन्हा बाहेर काढला नाही.

“रिचार्ज नाही केला,” ते म्हणाले.

सरफराजने मान हलवली. “मग नंबर गेला सर. काही महिने बंद राहिला की कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते. नंबर मरत नाही, दुसऱ्याच्या घरी नांदायला जातो. तुम्ही फोन लावून बघा. ज्याच्याकडं असेल त्याच्याकडंच तुमचा कोड जाणार.”

तो नंबर राजशेखरांना पाठ होता. त्यांनी आपल्या साध्या बटणांच्या फोनवरून तो लावला. रिंग गेली. दोन वर्षांनी त्या नंबरची रिंग जात होती. दुकानाबाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता म्हणून त्यांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

“हॅलो? कोण बोलतंय?” बाईचा आवाज. खडा.

राजशेखरांनी नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला. हा माझ्या पत्नीचा नंबर होता, तिच्या खात्यात कोणीतरी शिरलंय, आता तुमच्या फोनवर सहा आकडी कोड येईल, तो तेवढा वाचून दाखवा.

“हां,” बाई म्हणाली. “आणि मी वाचून दाखवनार व्हय? हे बघा, मी अंगनवाडी सेविका हाय. आमची लई ट्रेनिंगं झाल्यात. ओटीपी सख्ख्या भावाला बी सांगायचा न्हाय म्हनून सांगितलंय आमाला.”

“बाई, मी फसवणारा नाही.”

“सगळे असंच म्हनत्यात की.”

ती म्हणते तेच बरोबर होतं. “माझी पत्नी नर्स होती,” ते म्हणाले. “शरणम्मा तिचं नाव.”

लांब कुठेतरी मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती.

“होती?” बाईने विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

आता तिचा आवाज उतरला होता. “तुमी वळसंगला या. पहिली अंगनवाडी इचारा, मायाक्का म्हनून सांगा. मानूस बघितल्याबिगर मी कोड देनार न्हाय. पर या तुमी.”

शनिवारी सकाळी अक्कलकोटच्या गाडीत बसून राजशेखर वळसंगला उतरले. मांडीवर कापडी पिशवीत टॅबलेट होता. कित्येक दिवसांत त्यांनी शहराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला ज्वारी काढून पेंढ्या रचल्या होत्या. शेजारच्या माणसाने कुठं निघालात म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं गावाचं नाव सांगितलं.

अंगणवाडीच्या पायरीवर चाळिशीची एक बाई उभी होती. कपाळावर भंडाऱ्याचं बोट, पदर खोचलेला. ते अजून वीस पावलं लांब होते तोच तिने हातातल्या फोनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“या काका,” ती म्हणाली. “तुमीच हाय. फोटोत हाय की तुमी.”

तिने पाणी दिलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. दिवाळीच्या सुमारास तिने नवीन सिम घेतलं होतं. मागच्या आठवड्यात कामासाठी नवा फोन आला. परवा सकाळी त्यात खातं उघडायला नंबर विचारला, तिने दिला. कोड आला, तो घातला. आणि वर नाव आलं शरणम्मा. “मला वाटलं, कंपनीनंच कायतरी नाव दिलं आसंल. दुसऱ्या दिवशी बघते तर फोटोच फोटो. बाया, लेकरं, दवाखाना. लई भ्याले, काका. कुनाच्या घरात शिरल्यागत झालं. कसं बाहेर पडायचं ते कळंना. पर मी काय पुसलं न्हाय. एक बी न्हाय.”

एवढंच होतं. चोर वगैरे कोणी नव्हता.

तिने फोन पुढे केला. पडद्यावर राजशेखर खुर्चीत झोपलेले होते, छातीवर उघडं पुस्तक, तोंड जरासं वासलेलं. पुढचा फोटो, पुन्हा तेच, स्वेटर वेगळा. मग गच्चीवर पाठमोरे. मग शेंगा सोलताना. हे फोटो कधी काढले, त्यांना काहीच आठवत नव्हतं. शरणम्मा कुठल्याच फोटोत नव्हती, कारण सगळे तिनेच काढलेले होते.

“बसा जरा,” मायाक्का म्हणाली आणि मुलांना खिचडी वाढायला आत गेली.

मग दोघांनी मिळून काम उरकलं. तिच्या फोनचं नेट टॅबलेटला जोडलं. राजशेखरांनी सरफराजला फोन लावून स्पीकरवर ठेवलं. कोड तिच्या फोनवर आला आणि तिने तो वाचून न दाखवता स्वतःच्या बोटाने टॅबलेटवर घातला. “सवय मोडायला नगं,” ती म्हणाली. खातं उघडलं.

“आता नवीन पासवर्ड,” सरफराज पलीकडून सांगत होता. “नाव, गाव, लग्नाची तारीख, काही नको. तीन-चार लांब शब्द घ्या, एकमेकांशी संबंध नसलेले. मग उपकरणांच्या यादीत जा. जे तुमचं नाही ते बाहेर काढा.”

यादीत तीन नावं होती. एक हा टॅबलेट. एक मायाक्काचा नवा फोन. तिसरा शरणम्माचा जुना फोन, आणि त्यापुढे तो शेवटचा कधी वापरला ती तारीख. ती तारीख राजशेखरांना कोणी सांगायची गरज नव्हती. मायाक्काने स्वतःहून आपला फोन बाहेर काढला. तिच्या पडद्यावरचे फोटो एकदम गेले. “गेली माणसं,” ती हळूच म्हणाली.

“तिसरा पण काढा सर,” सरफराज म्हणाला. “बंद फोन कोणाच्या हातात पडला तर काय सांगता येतंय?”

राजशेखरांनी तिसरा काढला. मग सत्तेचाळीसवर संपणारा नंबर काढून तिथे आपला घातला. सरफराजने दुहेरी पडताळणी चालू करायला लावली, दहा राखीव आकडे कागदावर उतरवून घ्यायला सांगितले. शेवटी एक रकाना उरला. तुम्ही अडकलात तर मदत करील अशी विश्वासातली व्यक्ती.

“तिथं घरातल्या कोणाचं तरी टाका,” सरफराज म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं असावं. दोघांना मूलबाळ नव्हतं. “नाही टाकलं तरी चालतंय सर. कागद जपून ठेवा म्हणजे झालं.”

राजशेखरांनी रकाना मोकळा सोडला.

निघताना मायाक्का पायरीपर्यंत आली आणि घुटमळली. “काका, एक सांगायचं ऱ्हायलंय. सिस्टरला अजून फोन येत्यात. मी सांगायची, ह्यो नंबर आता माजा हाय. कुनी बाळाचं इचारलं तर मला म्हाईत असंल तेवढं सांगायची. पर एक म्हातारी हाय अक्कलकोटची, चंद्रव्वा. दर सोमवारी अकराला फोन करती. पहिल्या दिवशी मी नुसतं ‘बोला अक्का’ म्हटलं, आणि ती कानडीत बोलतच सुटली. सांधं दुखत्यात, सून बोलत न्हाय, शेळी याली. मला कानडी येतंय. मी ऐकलं. दर सोमवारी ऐकते. तिला वाटतंय, मी सिस्टर हाय.” तिने पदराने तोंड पुसलं. “मला तरी कुटं ठाऊक, सिस्टर न्हाईत म्हनून. वाटलं, नंबर बदलला आसंल, घावतील कवातरी. आता तिला काय सांगू?”

“मी सांगतो,” राजशेखर म्हणाले.

रविवारी होटगी रोडवरच्या आपल्या दोन खोल्यांत ते टॅबलेट घेऊन बसले. फोटो नाही, आधी नंबरांची यादी उघडली. दोनशे चौदा नावं. त्यांना जेमतेम तीस माहीत होती. शरणम्माने आडनावं लिहिलीच नव्हती; नावापुढे गाव, धंदा किंवा बाळंतपणाची खूण तेवढी. अनुसया कुंभारी पायाळू. रेहाना पहिलटकरीण. शांता वडापाववाली मुलगा. आयुष्यभर पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या माणसाला एक यादी आपल्याच घरात इतकी वर्षं तयार होत होती, हे कळलं नव्हतं. यादी फार बारकाईने केलेली होती. चंद्रव्वाच्या नावापुढे एवढंच होतं. ‘चंद्रव्वा. आपली.’

कोण होती ती, हे त्यांना कष्टाने आठवलं. प्रसूतिगृहातली आया. अठरा वर्षं रात्रपाळीला शरणम्माबरोबर. एकदा घरी आली होती, शेंगाचटणी घेऊन. ते आतल्या खोलीत होते.

सोमवारी दहा वाजताच त्यांनी फोन लावला.

“यार्री?” म्हातारीने विचारलं. कोण?

त्यांनी कानडीत सांगितलं, शरणम्माचा नवरा. मग जे सांगायचं ते, मनात पाठ केलेलं, एका दमात सांगून टाकलं. ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

“ऐकलं,” चंद्रव्वा म्हणाली. “मला माहीत आहे.”

“कोणी सांगितलं?”

“कोण सांगणार? दीड वर्ष नंबर लागत नव्हता. शरणम्मा फोन बंद ठेवणारी बाई होती का? मग दिवाळीत लागला, आणि दुसरीच बाई बोलली. अठरा वर्षं अंधारात हाका मारल्या एकमेकींना, आवाज ओळखणार नाही मी? तेव्हाच समजले.”

“मग तुम्ही बोलत का राहिलात?”

“ती ‘बोला अक्का’ म्हणाली. मला दुसरं कोण म्हणतंय?”

म्हातारीने घसा साफ केला. “तुम्ही कळवलं असतं तर मातीला आले असते, सर. तेवढं मात्र करायला हवं होतं तुम्ही.”

“चुकलं माझं,” ते म्हणाले. हे ते दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी म्हणत होते. “चंद्रव्वा, माझा नंबर लिहून घ्या. सोमवारी मला लावत जा. मी घरीच असतो.”

ती जरा हसल्यासारखी वाटली. रागाने नाही. “तुमच्याशी काय बोलू सर मी? फोन वाजला की तुम्ही दार लावून घेता, शरणम्मा सांगायची. हसून सांगायची हं, तक्रार नाही.” मग म्हणाली, “त्या वळसंगच्या बाईला सांगा, आज पण उचल म्हणावं. मला कळलंय ते सांगितलंत तरी चालेल. पण उचल म्हणावं.”

फोन ठेवल्यावर त्यांनी मायाक्काला लावून निरोप दिला. तिला वर्गात मुलं आवरत नव्हती, ती फार बोलली नाही. “बरं झालं, काका,” एवढंच म्हणाली.

अकरा वाजले. आता अक्कलकोटहून वळसंगला फोन लागला असेल. शेळीचं, सुनेचं काहीतरी चाललं असेल. इथे घरात पंख्याचा आवाज होता. राजशेखर उठले, आतल्या खोलीचं दार उगीच उघडून आले, पुन्हा बसले.

मग त्यांनी यादी अगदी वरून घेतली. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसऱ्याने उचललं नाही. तिसऱ्यावर एक पुरुष रॉंग नंबर म्हणून खेकसला. चौथं नाव अनुसया कुंभारी पायाळू. खूप वेळ रिंग गेली आणि एका तरुण बाईने उचललं. मागे टीव्ही मोठ्याने लावलेला होता, एक लहान मूल किंचाळत होतं.

“मी शरणम्मा सिस्टरांचा नवरा बोलतोय,” राजशेखर म्हणाले.

“कोण? जरा मोठ्यानं बोला!”

“शरणम्मा सिस्टर. त्यांचा नवरा.”

“अय्या, सिस्टर! थांबा हं, हितं काय ऐकूच येईना. बाहेर येते, ठेवू नका.”

“नाही ठेवत,” ते म्हणाले, आणि फोन कानाला लावून थांबले.